कऱ्हाडचा र

"शैलाताई, तुमच्या काउंटरवर कऱ्हाड कसं लिहितात?" वैजयंतीने विचारलं.

मी मान वर केली नाही. "जसं सगळे लिहितात तसं."

"म्हणजे कराड की कऱ्हाड?"

"कऱ्हाड. आम्ही इथलीच माणसं आहोत. कराड म्हणायचं ते बाहेरून आलेल्यांनी."

हा टोला तिलाच होता. तिला तो कळलाही असणार, पण ती फक्त हसली. तिची हीच खोड मला सगळ्यात जास्त डाचायची.

"ते झालंच," ती म्हणाली. "मी त्यातल्या र बद्दल विचारत होते. आडव्या र बद्दल."

"र ला काय धाड भरलीय?"

"काही नाही. बघते मी."

आणि ती माझ्या मशीनच्या पडद्याकडे वळली. दुपारचे साडेतीन वाजले होते. कोल्हापूरच्या आमच्या मुख्य कचेरीत वरच्या मजल्यावर दोन मशीनं शेजारीशेजारी ठेवली होती. माझ्या मशीनसमोर ती बसली होती आणि तिच्या मशीनसमोर मी. आपल्या स्वयंपाकघरात दुसरीने डबे उघडून बघावेत तसं मला होत होतं, आणि मीही तिचे डबे उघडतच होते.

या गोष्टीला आता तेरा वर्षं झाली. मी तेव्हा सह्यगिरी बस संघाच्या संगणक विभागात अकरा वर्षं काढली होती. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या बसमालकांनी एकत्र येऊन काढलेला संघ, साडेचारशे गाड्या. एरवी आमचं आरक्षण रमतगमत चालायचं. पण गणपतीचं आरक्षण ज्या सकाळी आठ वाजता उघडायचं, त्या सकाळी पहिल्या दहा मिनिटांत लाखावर मागण्या अंगावर यायच्या. आदल्या वर्षी माझी यंत्रणा त्या गर्दीत चाळीस मिनिटं गप्प बसली. कऱ्हाडच्या स्टँडवर कुणीतरी काउंटरची काच फोडली आणि तिथल्या मुजावरमामांच्या कपाळाला तीन टाके पडले. तीस वर्षं बुकिंग क्लार्क असलेला तो माणूस. मला एका शब्दाने बोलला नाही. उलट दुसऱ्या दिवशी फोन करून म्हणाला, "ताई, तुमच्या मशीनला दृष्ट लागली असंल. मिरच्या ओवाळा."

पण संघाच्या संचालकांचा मिरच्यांवर भरवसा नव्हता. त्यांनी ठरवलं की आणखी एक डेटाबेस आणायचा, दोन्ही एकमेकांसमोर उभे करायचे आणि जो गर्दीत टिकेल तो ठेवायचा. तो दुसरा डेटाबेस घेऊन हैदराबादहून वैजयंती बऱ्हाटे आली. मूळची नाशिकची, वयाने माझ्याहून चार वर्षांनी लहान. मुजावरमामा चाचणीसाठी कोल्हापूरला आले तेव्हा त्यांनी दोन्ही मशीनं पाहिली आणि नावंही ठेवून टाकली: माझी ती थोरली, तिची ती धाकटी. दोन दिवसांत अख्खी कचेरी त्याच नावांनी बोलायला लागली. मला ते आवडलं नाही. घरात धाकटी आली की थोरलीचं काय होतं हे कुणाला सांगायला नको.

थोरली-धाकटीतला फरक वैजयंतीने चाचण्यांच्या पहिल्याच बैठकीत सांगितला, तोही फळ्यावर काहीही न काढता. "समजा काउंटरवर एकच वही आहे," ती म्हणाली. "एक क्लार्क तीत जागा लिहितोय. थोरलीकडे बाकीच्यांनी, नुसतं बघायचं असलं तरी, त्याचं लिहून होईपर्यंत थांबायचं. धाकटी बघणाऱ्यांच्या हातात आधीच्या पानाची प्रत देते. लिहिणारा लिहीत राहतो, बघणारे बघत राहतात. थांबायचं फक्त दोघांना एकच जागा हवी असेल तर."

आमचे इंगवलेसाहेब डेपोतून वर आलेला माणूस. संगणकाचं त्यांना मी अकरा वर्षं समजावत होते, आणि ते अकरा वर्षं "बरं बरं, तू बघ" म्हणत होते. त्या दिवशी ते खुर्चीत पुढे सरकले आणि म्हणाले, "हे पहिल्यांदा डोक्यात शिरलं बघा." मला तिथल्या तिथे जमीन दुभंगली असती तर बरं वाटलं असतं. माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी.

खोटं कशाला सांगू, मी जळत होते. तिच्या आकड्यांवर जळत होते, तिच्या शांतपणावर जळत होते. साहेब मला "शैला" म्हणायचे आणि तिला "वैजयंतीबाई, तुमचं मत काय?" असं विचारायचे, त्यावर जळत होते. तिचं अक्षर मोत्यासारखं होतं, हे तर मला अजिबात सहन झालं नाही. दिवसभर कीबोर्ड बडवणाऱ्या बाईला इतकं सुंदर अक्षर कशाला लागतं? त्यातून साहेबांनी जाहीर करून टाकलं होतं की जिची यंत्रणा राहील तीच विभागप्रमुख होईल. ती खुर्ची चार वर्षं रिकामी होती, आणि चार वर्षं मी रोज तिच्यावरची धूळ पुसत होते.

तीन सकाळी तीन चाचण्या ठरल्या. पहिल्या सकाळी नुसता वेग. थोरलीने सेकंदाला चारशे दहा आरक्षणं केली, धाकटीने सहाशे चाळीस. दुसऱ्या सकाळी एकाच जागेसाठी शंभर-शंभर मागण्या सोडल्या, एक जागा दोघांना जाते का हे बघायला. दोघींनीही एकही जागा दोनदा दिली नाही, पण धाकटीने काम निम्म्या वेळात संपवलं. आता उरली ती तिसरी सकाळ. त्या दिवशी सगळ्या स्टँडवरच्या चाळीस काउंटरवर आमचे क्लार्क स्वतः बसणार होते, मागून गेल्या वर्षीच्या गर्दीचा भार सोडायचा होता आणि क्लार्कांनी थांब्यांची नावं हाताने मराठीत टाइप करायची होती. याआधी प्रत्येक थांब्याला आकडा होता, तो दाबला की झालं. पण संचालकांना आता घरोघरी मोबाइलवरून आरक्षण हवं होतं, आणि प्रवाशाला काही कऱ्हाडचा आकडा ठाऊक नसतो.

आणि साहेबांनी डेपोतली एक पद्धत इथे आणली होती. आमच्याकडे ड्रायव्हर स्वतःची गाडी स्वतः तपासून काढत नाही. दुसरा ड्रायव्हर तपासतो, किरकोळ दुरुस्ती असली तर हातासरशी करून टाकतो, मोठी असली तर मालकाला बोलावतो, आणि वहीत लिहितो: तपासली, निघायला हरकत नाही. गाडीचा ड्रायव्हर ते वाचतो आणि खाली सही करतो. एकदा ती सही झाली की निघेपर्यंत त्याने गाडीला हात लावायचा नाही. "स्वतःच्या गाडीचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही," असं साहेबांचं म्हणणं. म्हणून धाकटी मी तपासायची आणि थोरली वैजयंतीने.

तर त्या दुपारी ती र बद्दल विचारून माझ्या मशीनकडे वळली आणि मी तिच्या मशीनमध्ये डोकं घातलं. तासाभराने, ती एवढं काय विचारत होती म्हणून, निव्वळ खोडसाळपणाने, मी धाकटीतली थांब्यांची यादी उघडली आणि तिला कऱ्हाड या नावातली अक्षरं मोजायला सांगितली.

उत्तर आलं, सहा.

माझ्या काउंटरवरून येणाऱ्या कऱ्हाडची अक्षरं सात होती. मला ते पाठ होतं, कारण ते कीबोर्ड मीच बसवले होते. हा आडवा र मशीनच्या पोटात दोन तऱ्हांनी लिहिता येतो. जुन्या कीबोर्डवर साधा र, पाय मोडल्याची खूण आणि एक न दिसणारी खूण असं मिळून तो बनतो. नव्या कीबोर्डवर त्याच्यासाठी वेगळं अक्षरच आहे. पडद्यावर, कागदावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. माणसाला फरक कळत नाही, मशीनला मात्र ती दोन निराळी गावं वाटतात.

वैजयंतीला हे माहीत होतं. माहीत असणारच, तिच्या आडनावातच तो र होता. दोन्ही र एकच मानायचे अशी सोय तिने धाकटीत केलेलीही होती. मला ती दिसली. पण चाचणीच्या मशीनवर माहिती हलवताना थांब्यांच्या यादीवरची ती सोय मागे राहून गेली होती. प्रवाशांच्या नावांवर होती, थांब्यांवर नव्हती. एक ओळ लिहायची राहिली होती. मला ती लिहायला अर्धं मिनिट लागलं असतं.

मी घड्याळ पाहिलं. चार चाळीस.

  मला आनंद झाला होता. हरवलेली वस्तू सापडल्यावर होतो तसा. उद्या सकाळी चाळीसच्या चाळीस काउंटरवरून कऱ्हाडची मागणी येणार आणि धाकटी म्हणणार की असा थांबा नाही. आमच्या रस्त्यावरचा सगळ्यात मोठा थांबा.

"शैलाताई," ती शेजारून म्हणाली आणि मी दचकले. "थोरलीत एक छोटी दुरुस्ती केलीय. वहीत लिहिलीय. वाचून सही कराल?"

"करते."

"आणि धाकटीत थांब्यांची नावं बघितलीत ना तुम्ही? तेवढं एकच माझ्या मनात होतं."

ती माझ्याकडे बघत होती. केसांची एक बट कपाळावर आली होती, डोळ्यांखाली तीन दिवसांची जागरणं दिसत होती. मी म्हणाले, "सगळं बघितलंय."

"मग झालं." ती इतकी मोकळी होऊन मागे टेकली की मला तिचा रागच आला. एवढा विश्वास ठेवायला हिला सांगितलं कुणी?

मी वहीत धाकटीच्या पानावर लिहिलं, तपासली, निघायला हरकत नाही. सही केली. तिनेही वाचून खाली सही केली. मग तिने थोरलीचं पान माझ्यापुढे धरलं. पाच-सात ओळी होत्या, त्याच मोत्यासारख्या अक्षरात. दुरुस्ती म्हणे. अकरा वर्षं मी चालवलेल्या मशीनमध्ये ही तीन आठवड्यांत चुका काढणार आणि वर त्या सुवाच्य अक्षरात लिहिणार. माझी नजर त्या ओळींवर ठरेना. मी खाली जागा शोधली, लिहायचं ते लिहिलं, सही ठोकली आणि वही मिटून साहेबांच्या कपाटात नेऊन ठेवली.

घरी गेल्यावर मी नवऱ्याला सांगितलं की उद्या बहुतेक जमेल. तो म्हणाला, "तुझी थोरली एवढी पळायला लागली?" मी म्हणाले, "दमाने चालणारीच पोचते." त्याला काही कळलं नाही, आणि मी समजावलं नाही.

दुसऱ्या दिवशी आठला साहेब, तीन संचालक आणि मुजावरमामा वरच्या मजल्यावर जमले. मामांच्या जागी कऱ्हाडच्या काउंटरवर त्यांचे जोडीदार बसले होते. आधी थोरली सोडली. ती तिच्या चालीने गेली, मध्ये दोनदा दम खाल्ला, पण तासाभरात सगळ्या मागण्या तिने पार पाडल्या. नाकारलेली मागणी एकही नाही.

"न्हाऊ-माखू घालून आणलीय जणू थोरलीला," मामा म्हणाले. मला हसू आलं.

दहाला धाकटी सुटली. पहिले काही क्षण आकडे असे चढत गेले की एका संचालकांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. वैजयंती उभीच होती, हात पदराशी. मग नाकारलेल्या मागण्यांचा लाल आकडा दिसायला लागला. तीन. अकरा. चोवीस. सांगलीहून फोन आला, कऱ्हाड घेईना म्हणून. साताऱ्याहून आला. कऱ्हाडहून खुद्द जोडीदारांचा आला, आणि मामा फोनवर म्हणाले, "अरं, तू कऱ्हाडातच बसलाईस न्हवं? मग कऱ्हाड न्हाई म्हंती म्हंजे काय?"

संचालक हसले. साहेब हसले नाहीत.

तास संपला तेव्हा फळ्यावर आकडा होता: कऱ्हाडच्या दोनशे अकरा मागण्या, त्यातल्या एकशे ऐंशी परत. उरलेल्या एकतीस कशा गेल्या हे मी विचारलं नाही. जिंकलेल्या माणसाला असले प्रश्न पडत नाहीत.

वैजयंतीने खाली बसून पाच मिनिटांत कारण शोधलं. "र मुळे झालं, साहेब," ती म्हणाली. आवाज साधा होता. "दोन्ही र एकच मानायची सोय थांब्यांच्या यादीवर राहून गेली. एका ओळीचं काम आहे. पुन्हा चाचणी घेतली तर..."

"बाई," एक संचालक म्हणाले, "गणपतीच्या सकाळी लोकांना पुन्हा या म्हणून सांगायचं का?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "शैला, तू तपासलीस न्हवं? तुझ्या नजरेतनं सुटलं?"

"सुटलं, साहेब."

"सुटायचंच. दिसायला एकसारखंच हाय ते." त्यांनी उसासा टाकला. "थोरलीत नाही कसं झालं पण?"

मी म्हणाले, "थोरली इथलीच आहे, साहेब."

सगळ्यांना ते आवडलं. मामांनीही मान डोलावली. वैजयंतीने काही बोलायला तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि मिटलं. मला वाटलं, हिच्याकडे बोलण्यासारखं काही नाही. निर्णय त्याच बैठकीत झाला. थोरली राहिली आणि ती खुर्ची मला मिळाली.

दुपारी सगळे खाली जेवायला गेले तेव्हा मी वर माझा डबा घ्यायला आले. वैजयंती धाकटीसमोर एकटीच बसली होती. तिने खुर्ची माझ्याकडे वळवली नाही.

"शैलाताई, धाकटी सगळं लिहून ठेवते," ती म्हणाली. "कुणी काय विचारलं, कधी विचारलं."

मी टेबलावरचा डबा उचलला.

"काल चार चाळीसला तुम्ही कऱ्हाडची अक्षरं मोजलीत. फक्त कऱ्हाडची."

खालून ताटांचा आवाज येत होता. मी म्हणू शकले असते की सहज मोजली. म्हणू शकले असते की उत्तराकडे लक्ष गेलं नाही. ती मान्यही करून टाकेल असं मला वाटलं, आणि म्हणूनच मला ते म्हणवलं नाही.

"साहेबांना सांगणार का?" मी विचारलं. 

ती म्हणाली, "माझं पान वाचलं होतं ना तुम्ही? थोरलीचं?"

"वाचलं म्हणून तर सही केली."

आता ती वळली. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर मी भांडले असते, मला भांडण चांगलं जमतं. पण राग नव्हता. कुणी नातलग परक्यासारखं वागल्यावर माणूस बघतो तशी ती माझ्याकडे बघत होती.

"वाचूनही?" ती म्हणाली.

मला त्या शब्दाचा अर्थ लागला नाही. मी वाटही पाहिली नाही. डबा घेऊन खाली गेले आणि पंगतीत साहेबांच्या शेजारी बसले. चौथ्या दिवशी ती हैदराबादला परत गेली. साहेबांना तिने काही सांगितलं नव्हतं. जाताना मुजावरमामांच्या पाया पडली आणि मला म्हणाली, "येते, शैलाताई." मी "या" म्हणाले.

त्या वर्षी गणपतीच्या आरक्षणाला थोरली पुन्हा पंचवीस मिनिटं गप्प बसली. काच फुटली नाही, कारण काउंटरला आता जाळी होती. खुर्चीवर बसून शिव्या खायच्या असतात हे मला तेव्हा समजलं. पण मला पश्चात्ताप वगैरे झाला म्हणाल तर तसा नाही. अधूनमधून रात्री जाग यायची, ते चार चाळीस आठवायचे, आणि मग मी स्वतःला एकच गोष्ट सांगायचे: ती माझ्या जागी असती तर तिनेही हेच केलं असतं. चुरस म्हटली की असंच असतं. मी तिचं काही बिघडवलं नव्हतं, फक्त दुरुस्त केलं नव्हतं. उलट वेळ आली असती तर तिने माझ्यासाठी अर्धं मिनिट घालवलं असतं का? नसतंच. एवढं म्हटलं की झोप लागायची. दीड वर्ष मला या वाक्यावर चांगली झोप लागली.

त्यानंतर संचालकांनी शेवटी धाकटीच आणायचं ठरवलं, पुण्याच्या कुठल्याशा कंपनीमार्फत. विभागप्रमुख म्हणून तिला घरात घ्यायचं काम माझ्याकडे आलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. थोरली थकली होती, हे मी एव्हाना मान्य केलं होतं. कंपनीची माणसं म्हणाली की तपासणीची पद्धत ठरवून द्या. मी म्हणाले, आमची जुनी पद्धत आहे, नमुना दाखवते. इंगवलेसाहेब तोवर निवृत्त झाले होते, त्यांचं कपाट माझ्या खोलीत आलं होतं. मी ती वही काढली.

धाकटीचं पान मी पटकन उलटलं. तिथलं माझं अक्षर मला बघायचं नव्हतं. पुढचं पान थोरलीचं होतं. कंपनीतला माणूस समोर बसला होता, त्याला वाचून दाखवायला म्हणून मी सुरुवात केली आणि दुसऱ्या ओळीनंतर माझा आवाज थांबला. तो म्हणाला, "काय झालं, मॅडम?" मी त्याला चहा घेऊन यायला सांगितलं. कँटीन दोन मजले खाली होतं.

मग मी ते पान पहिल्यापासून वाचलं.

"थोरली तपासली. एक दोष आढळला. थोरलीतल्या थांब्यांच्या यादीत जुना आडवा र आहे. चौतीस काउंटरवरून तोच येतो, त्यांची अडचण नाही. पण पुण्याच्या सहा काउंटरवर गेल्या दिवाळीत नवी मशीनं आली आहेत, तिथून नवा र येतो. शैलाताईंना विचारलं, त्यांच्या हे लक्षात नसावं. उद्या या सहा काउंटरवर थोरलीने कऱ्हाड नाकारलं असतं आणि विनाकारण तिला बोल लागला असता. दोन्ही र चालतील अशी एक ओळ थोरलीत घातली आहे. पुण्याच्या एका काउंटरवरून करून पाहिलं, जातं. धाकटीत हीच सोय राहिली आहे का ते शैलाताई बघत आहेत. निघायला हरकत नाही."

त्याखाली पूर्ण नाव, वैजयंती बऱ्हाटे. वेळ घातली होती, चार अडतीस.

दोन मिनिटं. माझ्यासाठी ती ओळ लिहून तिने पेन खाली ठेवलं आणि दोन मिनिटांनी, तिच्या खांद्याला खांदा लावून बसलेली मी, तिच्यासाठी तीच ओळ न लिहिण्याचं ठरवत होते.

फळ्यावरच्या त्या एकतीस मागण्या पुण्याच्या होत्या हे आता दिसत होतं. थोरलीत नाही कसं झालं, असं साहेबांनी विचारलं तेव्हा तिने तोंड का उघडलं आणि का मिटलं, तेही दिसत होतं. तिने कपाटातून ही वही आणून हे पान साहेबांपुढे उघडलं असतं तरी पुरलं असतं.

तिच्या नावाच्या खाली माझी सही होती, आणि सहीच्या अलीकडे, घाईघाईच्या माझ्या अक्षरात, मी एकच शब्द लिहिलेला होता.

वाचलं.